डाव्या कानावरची नळी

नागपूरहून समुद्र कुठल्याही बाजूनं सारखाच लांब. देवानं बहुधा कंपासचं टोक आमच्या गावावर टेकवलं, गोल फिरवलं आणि ठरवलं की या लोकांना संत्री देऊ, ऊन देऊ, पाणी मात्र नळाला येईल तेवढंच. अशा गावात, प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत, एक बाई लोकांना समुद्राच्या तळाशी जायला शिकवायची आणि तिच्याकडे शिकायला रांग लागायची, असं मी बायकोच्या माहेरच्या मंडळींना सांगतो तेव्हा ती माणसं एकमेकांकडे बघतात आणि मला आणखी एक पोळी वाढतात. वाढोत. मी पाहिलंय ते पाहिलंय.

सुलभाताई वैरागडे. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. उंची तशी बेताचीच, पण त्या दारात उभ्या राहिल्या की आत दिवा लावावा लागायचा. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाल्या होत्या आणि शिट्टी मात्र शाळेला परत केली नव्हती. नंदनवनातल्या पोहण्याच्या तलावावर त्या काठावरून "पाय हलव बे!" म्हणून ओरडल्या की बाहेर रस्त्यावरच्या सायकलवाल्यांचेही पाय जोरात हलायला लागायचे. आणि छाती! एका मे महिन्यात आमचा कूलर बंद पडला. ताई चौकशीला आल्या, कूलरसमोर उभ्या राहिल्या, सगळं ऐकून घेतलं आणि एक सुस्कारा सोडला. वाळ्याच्या ताट्या फडफडल्या, खोली संध्याकाळपर्यंत गार राहिली. मेकॅनिकला बोलवायची गरजच पडली नाही.

ताईंचा भाऊ अंदमानात नोकरीला. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या त्याच्याकडे गेल्या, पाहू तरी म्हणून पाण्यात तोंड घातलं आणि शाळा सुरू व्हायची वेळ आली तेव्हाच बाहेर काढलं. त्यानंतर दर सुट्टी तिकडेच. असं करत करत त्या स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याच्या, शिक्षिकाच होऊन परतल्या. सोबत जुनं सामान, आणि मागच्या अंगणात एक कॉम्प्रेसर. तो टाक्या भरायला सुरू झाला की गल्लीभरच्या टीव्हीतली माणसं मुकी व्हायची. नुसतेच ओठ हलायचे. सासू-सुनांच्या मालिका आम्ही ओठांवरून ओळखायला शिकलो ते तेव्हा.

वर्ग भरायचा रविवारी, कन्हानच्या पुढे, एका सोडून दिलेल्या दगडाच्या खाणीत. पावसाचं पाणी साठून तिचा हिरवागार डोह झाला होता. मला पोहता येत नाही. माझं काम काठावर बसून टॉवेल, चपला आणि पोह्यांचे डबे सांभाळणं. पण काठावर बसलेल्या माणसाला जेवढं दिसतं तेवढं बुडालेल्याला दिसत नाही.

ताई स्कूटरवरून यायच्या. मागे ओढणीनं बांधलेली पिवळी टाकी. एकदा कामठी रोडवर शिपायानं अडवलं.

"बाई, गॅस कुठं घेऊन चालल्या?"

"गॅस नाही भाऊ, हवा आहे."

"हवा? हवा तर इथं बी आहे."

"इथली वरची आहे. मी खालच्यासाठी घेऊन राहिली."

शिपायानं टाकीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि सलाम ठोकून सोडून दिलं. पुढे दोन रविवार तो स्वतःच शिकायला आला.

आता नळीचं सांगतो. ताई जिला नळी म्हणायच्या ते स्नॉर्कल. वाकडी नळी, एक टोक तोंडात, दुसरं पाण्याच्या वर. तोंड पाण्यात घालून तरंगत राहा आणि श्वास घेत राहा. पाण्याखाली गेलात की तिचा उपयोग संपला. तिथं पाठीवरची टाकी आणि तिला जोडलेलं रेग्युलेटर, ते दातात धरायचं. मग टाकीवाल्या माणसानं ही नळीपण लावावी का, यावर दुनियाभरचे पाणबुडे भांडतात म्हणे. ताईंच्या वर्गात भांडण नव्हतं. नळी मास्कच्या पट्ट्याला, डाव्या कानावर, नेहमी. ज्याच्या कानावर नळी नाही तो त्या रविवारी माझ्याशेजारी बसून चपला मोजायचा.

"टाकीतली हवा म्हणजे माहेरचा डबा आहे," ताई सांगायच्या. "स्टेशनावरच उघडून बसशीन त प्रवासात काय खाशीन? वर आहेस तवा देवाची हवा घे ना बाप्पा, नळीनं. अन् खालून वर येशीन, टाकी संपली असन, होडी दूर असन, लाटा थोबाडीत मारून राहिल्या असतीन, तवा काय मले फोन करशीन?"

एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, "ताई, पण खाणीत लाटा कुठं आहेत?"

ताई मागे गेल्या, कातळावर चढल्या आणि गुडघे पोटाशी घेऊन पाण्यात पडल्या. जी लाट उठली तिनं तो पोरगा उचलून पलीकडच्या बाभळीपाशी नेऊन ठेवला आणि आमचे पोह्यांचे डबे कन्हानच्या दिशेनं निघाले. ताई पाण्यातून वर आल्या. "ही घे लाट," म्हणाल्या.

पण नळीत एक खोट होती, आणि ती ताईंनाही ठाऊक होती. नळीचं तोंड रबराचं, रेग्युलेटरचंही रबराचं. दातांना दोन्ही सारखीच लागतात. खाणीचं पाणी इतकं हिरवं की स्वतःचा हात सासरच्या माणसाचा वाटावा. घाबरलेला शिकाऊ माणूस वर तरंगत असतो, खाली जायची वेळ येते, नळी काढून रेग्युलेटर घ्यायचं तर तो विसरतो आणि नळी तोंडात ठेवूनच निघतो. मग हवेच्या जागी खाण आत येते. एकदा एक प्राध्यापक असे निघालेच होते. ताईंनी त्यांच्या जॅकेटला धरून, मांजरानं पिल्लू उचलावं तसं वर काढलं.

पुढच्या रविवारी ताई पितळी वाटी घेऊन आल्या. वाटीत कडुनिंबाचा पाला वाटलेला. प्रत्येकाच्या नळीच्या तोंडाला त्यांनी तो स्वतःच्या बोटानं चोपडला. "कडू लागलं म्हणजे नळी. मंग वरच राहायचं. कडू नाही लागलं म्हणजे रेग्युलेटर, मंग खाली जायचं. डोळे फसतात, हात फसतात. जिभेले कोन फसवते?"

मी थक्क झालो. दुनियाभरचे पाणबुडे पुस्तकं लिहून राहिले, आणि प्रताप नगरच्या बाईनं अंगणातल्या झाडाच्या पाल्यात प्रश्न सोडवला. शिकणाऱ्यांच्या हाडांत ती सवय इतकी मुरली की त्यांतला एक जण कामठीला लग्नात जेवायला बसला असता, कारल्याची भाजी जिभेला लागताच त्यानं मान वर केली आणि हात उंच करून 'मी वर आलो, ठीक आहे' अशी खूण केली. वाढप्याला वाटलं आणखी पाहिजे. त्यानं पळीभर वाढली. यानं पुन्हा खूण केली. त्या पंगतीतली सगळी कारली याच्या पानात संपली.

आणि मग निखिल परत आला.

निखिल ढोबळे हा ताईंचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. अंदमानात जाऊन शिक्षक झाला, बरीच वर्षं परदेशी पाहुण्यांना खाली नेलं-आणलं, आणि घरच्या अडचणीमुळे नागपूरला परतला. नेमक्या त्याच सुमारास कानाच्या डॉक्टरांनी ताईंना सांगितलं, "पडदा पातळ झालाय. आता खोल गेलात की फाटेल." ताईंनी डॉक्टरांना बरंच ऐकवलं, पण घरी येऊन भिंतीवरून मला हाक मारली आणि म्हणाल्या, "क्लास कोनाले तरी द्या लागते आता." कोणाला, ते विचारायची गरज नव्हती. खाण, कॉम्प्रेसर, सामान सांभाळू शकेल असा नागपुरात एकच माणूस होता.

तो चहाला आला. मी भिंतीवर कोपर ठेवून उभाच होतो.

"ताई, क्लास मी घेतो," निखिल म्हणाला. "पण नळी मास्कवरून काढीन."

ताईंनी कप खाली ठेवला. "काहून?"

"प्रवाहात ती मास्क ओढते. बायांच्या केसात अडकते. जाळ्यात अडकते. आता बहुतेक जण नाही लावत, ताई."

"बहुतेक जण कन्हानले येतात का बे?"

"अन् तो पाला. दोघांच्या तोंडात फोड आलेत."

"फोड येतीन, जातीन. जीव गेला त येत नाही गा."

"नळी नसली तर चुकायचा प्रश्नच नाही ना. चूक होऊ द्यायची अन् मग तिले पाला लावायचा, हे कोणतं शिक्षण?"

हे जरा लागलं असावं. ताई उठल्या. "आइक, निखिल. नळी निघाली त क्लास निघाला. कॉम्प्रेसर भंगारात टाकीन, पण तुले नाही देईन. या दिवाळीनंतर खाण बंद."

दोघंही हट्टी. दिवाळी आली, गेली. ताईंनी खाण बंद केली नाही आणि दिलीही नाही. तेवढ्यापुरतं असं चाललं की पाण्यात निखिल उतरायचा, काठावर ताई प्लॅस्टिकच्या खुर्चीत शिट्टी घेऊन बसायच्या, आणि नियम ताईंचे. दोघं एकमेकांशी बोलायची ती माझ्यामार्फत. "त्याले सांग, दोर ढिला आहे." "त्यांना सांगा, दिसलाय मला." थंडी संपली की ताई निकाल लावणार होत्या, आणि मला दिसत होतं की निकाल कॉम्प्रेसर भंगारात जाण्याचा आहे. एवढं उभं केलेलं काम त्या एका वीतभर रबरापायी मोडून टाकणार होत्या, आणि त्यांना झोप लागत नव्हती, हे भिंतीपलीकडून कळत होतं. एवढ्या छातीचा माणूस जागा असला की भिंतीला कळतं.

तो रविवार लख्ख उन्हाचा होता. शिकायला आलेल्यांत नंदनवनच्या जयश्रीबाई, बँकेत कॅशियर. घरचे म्हणाले होते, तू बादलीत बुडशील. म्हणून त्या खाणीत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांची पहिली खोल बुडी. करायचं ते असं: काठापासून डोहाच्या मध्ये तरंगणाऱ्या पिवळ्या डब्यापर्यंत नळीनं श्वास घेत तरंगत जायचं. डब्यापाशी नळी काढून रेग्युलेटर तोंडात घ्यायचं, तरंगवणाऱ्या जॅकेटमधली हवा सोडायची आणि डब्याला बांधलेला दोर धरून खाली. तळाशी, तीन पुरुष खोल पाण्याखाली, निखिल दोर धरून थांबलेला.

जयश्रीबाई डब्यापाशी पोचल्या. थांबल्या. हात तोंडाशी गेल्यासारखा दिसला. मग हवा सोडल्याचा फुस्स आवाज झाला आणि डोकं खाली गेलं. मला वाटलं, झकास. मी पोह्यांच्या डब्याचं झाकण उघडलं.

"बुडबुडे कुठं आहेत?" ताई म्हणाल्या.

टाकीनं श्वास घेणारा माणूस खाली गेला की वर बुडबुड्यांची माळ लागते. निखिलची माळ होती. दुसरी नव्हती.

खुर्ची माझ्या अंगावर आली. ताई टाकी न घेता, सलवार-कमीज, बूट, चष्मा, शिट्टी यांच्यासकट गेल्या. जाताना त्यांनी जो श्वास आत ओढला त्यानं काठावरचा पालापाचोळा त्यांच्या दिशेनं सरकला, हे मी शपथेवर सांगतो. त्या दिवशीचं मात्र मी काहीही वाढवून सांगत नाही. त्यांच्यावर पाणी मिटलं. हिरवं, गुळगुळीत, वर एक पिवळा डबा. तेवढ्यात माझं लग्न झालं, पोरं झाली, पोरांची शिक्षणं झाली, मी म्हातारा झालो. डबा हलेना.

खाली काय झालं ते निखिलनं नंतर सांगितलं. त्याला वरून एक सावली धडपडत येताना दिसली, तो निघाला, पण त्याच्या आधी दुसरी सावली आली. तिनं पहिलीला मिठी मारली. जयश्रीबाई हातपाय झाडत होत्या. माणूस घाबरला की वाचवणाऱ्यालाच दाबून खाली ढकलतो. ताईंनी त्यांच्या तोंडातली नळी उपटली. त्यांचंच रेग्युलेटर उजव्या बाजूला लोंबकळत होतं, ते शोधून तोंडात कोंबलं आणि बटण दाबून हवा सोडली. स्वतःच्या छातीत किती उरली होती देव जाणे. ते रेग्युलेटर ताईंच्या ओठांपासून वीतभर अंतरावर भसाभसा हवा सोडत होतं. त्यांनी त्यातला एक घोट घेतला नाही. मग जॅकेट फुगवलं आणि दोघी वर.

पाणी फुटलं तेव्हाचा तो ताईंचा श्वास! मी आयुष्यात पुष्कळ मोठे आवाज ऐकले, पण एखाद्या माणसानं हवा परत घेतल्याचा आवाज असा असतो हे तेव्हा कळलं.

जयश्रीबाई काठावर उलटल्या, खोकल्या, रडल्या, मग बसत्या झाल्या. ताईंनी पाठीवर हात फिरवला. "काय झालं वं, बाई?"

"कडू लागलं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "मी घाबरली होती. बदललं का नाही बदललं, आठवेना. जीभ लावून पाहिली. कडू नाही लागलं. म्हटलं, बदललंच असन."

निखिल पाण्यातच उभा होता. त्यानं मास्क काढला. चेहरा खडूसारखा. "ताई, काल दुपारी मी सगळ्या नळ्या गरम पाण्यात टाकून साबणानं धुतल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा लावला असता."

मी पोह्यांचे डबे मागे सरकवले, कारण आता जो आवाज निघेल त्यात ते टिकतील असं वाटेना. ताईंच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरत होती. त्यांनी ती ओल्या ओढणीनं पुसली, ओढणीकडे पाहिलं आणि इतक्या हळू बोलल्या की आम्हाला पुढे झुकावं लागलं.

"धुवायच्याच होत्या. पोरांच्या तोंडात फोड येऊन राहिले होते, मले दिसत नव्हते काय? तू सांगाले पाहिजे होतं, ते तुहं चुकलं. पण ते लहान आहे. जे साबणानं निघून जाते, त्याच्या भरवशावर मी माणसं खाली पाठवून राहिली होती. हे मोठं आहे, अन् माहं आहे."

"नाही ताई," निखिल म्हणाला. "नळी राहू द्या. मी आत्ता पाला आणतो. मीच वाटतो."

"आता पाला नाही."

"मी लावीन ना मास्कले. तुमच्यासारखीच, डाव्या कानावर."

"काहून लावशीन बे? नको लावू म्हणून इतके दिवस डोकं खाल्लं ना माहं?"

म्हणजे आता ताई काढा म्हणत होत्या आणि निखिल ठेवा म्हणत होता, आणि आवाज पुन्हा पूर्वीसारखे चढले होते. दिवाळीनंतर ती दोघं पहिल्यांदाच माझ्याशिवाय बोलत होती. मी पोहे वाढायला घेतले.

शेवटी ताईंनी जयश्रीबाईंच्या मास्कवरची नळी ओढून काढली आणि निखिलच्या मांडीवर जाळं कापायच्या सुरीचा पट्टा होता त्यात खोचली. "इथं. मांडीले. लागन तवा हात घालून काढायची, मास्कले लावायची, काम झालं का परत खोचायची. मुद्दाम काढा लागते अशी वस्तू चुकून तोंडात नाही जात. पण घरी ठेवून येशीन त तुहे दोन्ही कान उपटीन. लाटा तुह्या पुस्तकातल्या बी थोबाडीतच मारतात."

निखिलनं मान हलवली.

"अन् कॉम्प्रेसरचा पट्टा ढिला झाला आहे," त्या उठत म्हणाल्या. "सोमवारी बदलून घे. सामान तुह्याच घरी ने आता. माह्या अंगणात जागा नाही."

अंगणात कबड्डीचे सामने झाले असते एवढी जागा होती. पण निखिल "हो ताई" म्हणाला, आणि खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. बराच वेळ त्याला ते सापडलं नाही.

जयश्रीबाई पोह्यांची प्लेट हातात धरून बसल्या होत्या. "ताई, मी पुढच्या रविवारी येऊ ना?"

"येशीन नाही त काय? आज खा. तर्री घे वरून. समुद्र काय तिखट असते त्याच्यापुढं."

त्या कानानं ताईंना पुढे फारसं ऐकू आलं नाही. शिवून वगैरे झालं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पाण्याखाली एक वीतसुद्धा जायचं नाही; कानात बोळा घालून वरच्या वर तरंगलात तर मी पाहिलं नाही असं समजेन. वर्षभरानं ताई भावाकडे अंदमानात कायमच्या राहायला गेल्या. जायच्या आदल्या रविवारी मला म्हणाल्या, चल.

निखिलचा वर्ग चालू होता. दहा-बारा जण, मांडीला नळ्या खोचलेल्या, एकेक करून पिवळ्या डब्यापाशी खाली गेले. शेवटी गेल्या त्या जयश्रीबाई. आता त्या नवख्यांना धरून न्यायच्या. काठावर चपलांची रांग आणि मी. ताईंनी कानात बोळा घातला, मास्क चढवला, त्याला नळी लावली आणि अजिबात लाट न उठवता पाण्यात शिरल्या. डब्यापाशी जाऊन पालथ्या तरंगत राहिल्या. हात पसरलेले, पाठीवर ऊन, आणि वर आलेलं नळीचं टोक.

खालून बुडबुडे आले. आधी एक माळ, मग दुसरी, मग सगळ्यांच्या. ते ताईंच्या पोटाशी येऊन फुटत होते, बगलांतून बाहेर पडत होते, त्यांच्या कमिजेत शिरून ती फुगवत होते. ताई हलल्या नाहीत. फक्त एकदा, खाली कुणाचं तरी काही चुकलं असावं, त्या नळीतून "हूंऽऽ" असा एक हुंकार निघाला. पलीकडच्या बाभळीवरचे बगळे उडाले, आणि बुडबुड्यांची एक माळ झटकन सरळ झाली.

मग खालचा वर्ग पूर्वेकडच्या कातळाकडे वळला. बुडबुडे सरकत निघाले, आणि त्यांच्या डोक्यावरून, पाय न वाजवता, नळीचं ते टोक त्यांच्याबरोबर निघालं.